पाहुण्याचे ताट

मित्रांनो, युरोपातल्या कडाक्याच्या थंडीच्या सुवाल्की गावातल्या एका घराच्या तळघरात मी राहतो. मी एक जुना पितळी व्हॉल्व्ह आहे. बॉयलरने तापवलेले पाणी पंप खोल्याखोल्यांत ऊब देणाऱ्या रेडिएटरांत ढकलतो. रेडिएटर बंद असले की अडलेल्या पाण्याला माझ्यातून मागे फिरायची वाट मिळते. एवढेच माझे काम. वरचे बोलणे नळांतून माझ्यापर्यंत पोहोचते.

मला लुत्सियान आजोबांनी बसवले. आमच्याकडे नाताळच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक घरी एक ताट रिकामे मांडतात, न बोलावता आलेल्या पाहुण्यासाठी. आजोबा माझी चकती किंचित फिरवत, कान देत, आणि ब्रोन्या आजींना हाक मारून म्हणत, "अगं, हे पाण्याचं पाहुण्याचं ताट! ज्याला कुठलंच दार उघडं नाही, त्याच्यासाठी. पण बेतानं वाढायचं हं. सगळं पाहुण्याला वाढलं तर घरचे उपाशी!"

"तुमचं प्रवचन पुरे, बीटाचं सार निवतंय!" आजी वरून म्हणत.

पुढे आजोबा गेले. मुले परदेशी गेली. आजींनी एकेका खोलीचा रेडिएटर बंद केला, फक्त टोकाच्या आपल्या खोलीचा चालू ठेवला. पाण्याचा सगळा जोर त्या एकट्यावर आला आणि तो शिट्ट्या मारू लागला.

नोव्हेंबरात थोरला वितोल्द वडिलांच्या थडग्यावर दिवे लावायला आला.

"आई, या शिट्टीत तुला झोप कशी लागते गं?"

"सोबत होते रे. तुझे बाबा हाका मारताहेत असं वाटतं."

"बाबा एवढे बेसूर नव्हते!"

हसत हसत तो खाली आला. एखाद्या बंद खोलीचा रेडिएटर थोडा उघडला असता तरी भागले असते. त्याने मला पुरते मोकळे केले. घर शांत झाले. आईचा पापा घेऊन तो समाधानाने परतला.

पाणी स्वभावाने आळशी. जवळची वाट मिळाल्यावर ते टोकाच्या खोलीपर्यंत कशाला जाईल? मी चटके बसतील इतका तापलो, आणि आजींचा रेडिएटर गार पडला.

"अहो ब्रोन्याबाई, घरात कोट घालून? प्रार्थनेला निघालात की काय?" शेजारच्या हालिनाबाईंनी विचारले. "वितोल्दला फोन करा की!"

"नको गं बाई. एवढ्या लांबून येऊन पोरानं नीट करून दिलंय. त्याला नाव कसं ठेवू? नाताळला येईलच तो."

तो आला, तेव्हा आजी दवाखान्यात होत्या. थंडी छातीत बसली होती. वितोल्दने वरचा रेडिएटर चाचपला, मग धावत येऊन मला हात लावला. हात भाजला.

"एका शब्दानं बोलायचं होतंस गं, आई!"

मग चकती आवळत त्याने वडिलांसारखाच कान दिला. खोली ऊबदार झाली. आजी मात्र दवाखान्यातून परतल्या नाहीत.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्याने दोनच ताटे मांडली. एक स्वतःचे आणि एक रिकामे. या वेळी ते पाहुण्याचे नव्हते.

मित्रांनो, घर शांत झाले म्हणजे सारे ठीक झाले असे समजू नका. म्हातारी माणसे तक्रार करत नाहीत. त्यांचा निरोप घेताना त्यांचा हात हातात घ्या, आणि तो गार तर नाही ना, एवढे पाहा.