‘स’ची रिकामी जागा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. आज वडगाव निंबाळकरातल्या एका खुराड्याचं दार झालो आहे, पण हसू नका. फळा होण्याआधी मी बैलगाडीची साटी, म्हणजे माणसं-माल ठेवायचा फळ्यांचा तळ होतो. एकदा बैल असे उधळले, की आम्ही इंदापूरच्या बाजारात पोचलो तेव्हा आमची सावली अजून बारामतीची वेस ओलांडत होती. खोटं वाटत असेल तर सावलीलाच विचारा.

पुढे गाडी मोडली. सुताराने माझ्या फळ्या जोडून मला काजळी आणि जवसाचं तेल पाजलं. शाळेच्या पडवीत बायकांचा साक्षरता वर्ग निघाला होता, तिथे मला टांगलं. साल चोपन्न-पंचावन्न असेल. शिकवणाऱ्या रतनबाई वयाने सगळ्यांच्या लेकीसारख्या. गावातले बाप्ये येता-जाता विचारत, आता म्हातारपणी मामलेदारीण व्हायचं का? बायकाही निम्म्या शिकायला येत, निम्म्या गंमत बघायला.

खरी शिकायला आली ती चाळिशीची ठमाबाई. बारामतीच्या स्टँडवर ती चुकीच्या एस.टी.त चढली आणि इंदापुरात उतरली होती. गाव वर्षभर हसलं. तेव्हापासून तिला पाटी वाचायची होती.

अक्षरं तिला भराभर आली. पण माझ्यावर ‘श’, ‘ष’ लिहिलं की ती वीतभर जागा सोडायची आणि थेट ‘ह’ काढायची. कारण नवऱ्याचं नाव सोपान. रतनबाई म्हणाल्या, अहो, दिवसभर सासू, साखर म्हणता, मग लिहायला काय होतं?

ठमाबाई म्हणाली, “बोललेलं वाऱ्यावर जातंय, बाई. लिवलेलं पुसावं लागतंय. माझ्या हातानं धन्याला पुसू व्हय?”

सगळ्या हसल्या. मी हसलो नाही. रोज पुसला जाणारा मीच होतो.

सोपान तसा गमत्या. खांद्यावर खोरं टाकून पाटाकडे जाताना पडवीत डोकवायचा. “आलं का गं माझं अक्षर?” ती पदर तोंडावर घ्यायची. तो म्हणायचा, “लिव की एकदा. बघू तरी, कसा दिसतो मी.”

त्याला ते बघायला मिळालं नाही. उसाला पाणी देताना त्याला पान लागलं. आमच्याकडे साप चावला म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. नाव घेतलं की जनावर येतं, अशी समजूत. एकाचं नाव बायको घेत नव्हती, दुसऱ्याचं गाव; ते दोघं उसात असे भेटले.

रंगूबाई नावाची शेजारीण होती. ती पाणवठ्यावर म्हणाली, ठमीनं चोरून अक्षर गिरवलं असेल, म्हणून धनी गेला. झालं. दुसऱ्या दिवसापासून पडवी ओस पडली. ती जागा कोरी होती, हे मला ठाऊक होतं. पण फळ्याला कोण विचारतो?

दिवसकार्य उरकल्यावर ठमाबाई एकटीच आली. कपाळ मोकळं. रतनबाई काही बोलायला गेल्या, तर ती म्हणाली, “पुसायचं ते समदं पुसून झालं, बाई. आता लिवते.”

तिने त्या वीतभर जागेत ‘स’ काढला. मग पुरतं नाव. मागे सरून पाहिलं आणि हळूच म्हणाली, “बघा धनी, असं दिसता.”

खडू ठेवून ती गेली. पुन्हा आली नाही. वर्ग बंद झाला. रतनबाईंनी मला पुसलं नाही.

मित्रांनो, घरातलं कुणी थोरलं माणूस पाटी घेऊन बसलं आणि एखाद्या अक्षरापाशी अडलं, तर हसू नका. ते अक्षर त्याला येत नसेलच असं नाही. कदाचित ते माणूस कुणाला तरी जपत असेल.

पावसाने ते नाव केव्हाच धुऊन नेलं. पण आजही कोंबड्या माझ्यावर सगळीकडे चोच मारतात, तेवढी वीतभर जागा सोडून. खोटं वाटत असेल तर कोंबड्यांना विचारा.