दोन्का अजून डावीकडे वळायला सांगते

दोन्का जाऊन सहा महिने होत आले होते, पण चॅनेलवर ती दर शुक्रवारी बोलत होती.

व्हिडिओंचं ते चॅनेल नवराबायको दोघांचं. कामेन निवृत्त ट्रकचालक, आणि कॉम्प्युटरवरच्या खेळातही तो देशोदेशी ट्रकच चालवायचा. दोन्का शेजारी बसून भाजलेल्या मिरच्या सोलत रस्ता सांगायची. "डावीकडे, अरे डावीकडे! खरा ट्रक होता तेव्हाही असाच भरकटायचास? म्हणून घरी यायला उशीर व्हायचा होय!" बघणारे मोजकेच होते. त्यांच्या लोव्हेच गावातली ओळखीची चार माणसं आणि स्पेनला गेलेली मुलगी रादोस्त.

आई गेल्यावर रादोस्तनेच चॅनेल मनावर घेतलं. फोनवर रोज नवा सल्ला. "बाबा, शुक्रवार चुकवू नकोस. सुरुवातीलाच आईचा टोमणा येऊ दे, नमस्कार-चमत्कार नको. हाच एक खेळ धर. आणि कॉमेंटला उत्तर दे, प्रत्येक कॉमेंटला." जुनं रेकॉर्डिंग भरपूर होतं. ते कापून कामेन दर शुक्रवारी एक तुकडा टाकू लागला. चॅनेल खरंच वाढलं. लोकांना दोन्का आवडली.

"ती नाही, हे सांगायला हवं," तो एकदा रादोस्तला म्हणाला.

"सांगितलंस की लोक हळहळतील आणि निघून जातील. थांब थोडा."

थांबता थांबता तो अडकला. लोक विचारायचे, दोन्काताई, मिरच्यांच्या चटणीत वांगं घालता का? उत्तर तिच्या वतीने द्यावं लागे. "ती म्हणते, थोडंच," असं तो लिहायचा आणि शेजारच्या खुर्चीकडे बघायचं टाळायचा. तुकडे संपत आले. उरलेल्यांत तिचा खोकला होता. एका बाईने लिहिलं, "ताईंचा आवाज बसलाय, त्यांना गरम चहा द्या."

"देतो," कामेनने लिहिलं.

मग रादोस्तने सांगितलं, व्हिडिओच्या चित्रावर आईचा चेहरा मोठा हवा, हसरा. हसरा फोटो एकच होता. माणूस गेलं की गावभर चिकटवतात त्या पत्रकावर तोच छापलेला, आणि चाळीस दिवसांनी पुन्हा लावतात त्या पत्रकावरही. इमारतीच्या दारावर, बसथांब्यावर, बेकरीसमोरच्या झाडावर तीच दोन्का हसत होती. कामेनच्या ते लक्षातही आलं नाही. त्याने तो फोटो व्हिडिओवर लावला.

सहा महिन्यांची पत्रकं छापून आली, त्या दिवशी शुक्रवारच होता. दारावर तो डिंक लावत असताना तळमजल्यावरचा हारालाम्पी बाहेर आला.

"कामेन, लेका, माझा नातू आलाय वार्नाहून. काल दारावरचा फोटो बघून म्हणतो, आजोबा, ह्या ट्रकवाल्या दोन्काताई ना? म्हटलं हो, देव तिच्या आत्म्याला शांती देवो. तर म्हणतो, भलतंच काय, गेल्या शुक्रवारी त्या रुमेनियात होत्या!"

कामेनचा हात कागदावर तसाच राहिला.

"म्हटलं, बाबा रे, तिला जिन्यातून खाली उतरवताना मी स्वतः खांदा दिलाय. मग ही रुमेनियाला गेली कधी?" हारालाम्पी हसला. कामेनचा चेहरा बघून त्याने हसू आवरलं. "आता त्या पोराला काय सांगू?"

"खरं ते सांग."

"मी सांगू? तुझी बायको. तू सांग की."

घरी आल्यावर कामेनने शुक्रवारचा तुकडा उघडला. तो खोकल्याचाच होता. तो त्याने टाकला नाही. उरलेलं एक पत्रक खिडकीला टेकवून त्याचा फोटो काढला आणि काळ्या चौकटीसकट चॅनेलवर तिच्या हसऱ्या चित्राच्या जागी लावला. मग रादोस्तला पाठवला. लगेच फोन आला.

"बाबा, असल्या चित्रावर कोणी बोटही ठेवणार नाही."

"नको ठेवू दे. दारावरच्या पत्रकापुढे माणूस काय करतो? थांबतो, वाचतो, पुढे जातो. तेवढंच हवंय."

"एवढं वाढलंय, आणि तू सगळं संपवतोयस!"

"तुला काय एवढं चॅनेलचं?"



"इथे दारावर पत्रकं लावत नाहीत, बाबा. आई गेली हे माझ्या इमारतीत कोणाला माहीतही नाही. शुक्रवारी काम संपवून घरी आले की ती तुला रागावत असायची. मला वाटायचं, तुम्ही दोघं तिथे आहात."

"मलाही तसंच वाटायचं," कामेन म्हणाला.

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. "अक्षरं फार बारीक आहेत. फोनवर आईचं नाव वाचता येत नाही. मोठं कर."

त्याने नाव मोठं केलं. मग आणखी थोडं. पत्रकाच्या चित्रामागे कॉम्प्युटरच्या पडद्यावर खेळातला ट्रक फाट्यावर उभा होता, इंजिन चालू. कामेनने तो पुढेही नेला नाही आणि बंदही केला नाही.