काचेपलीकडची खुर्ची

सिनेमातल्या रेडिओ केंद्रात काच असते, पण काचेपलीकडे कोणी नसतं. निवेदिका एकटीच येते, टेबलावर पाय टाकते, मनाला येईल ते बोलते. गाणं आपोआप लागतं, आपोआप थांबतं. घड्याळाकडे कोणी बघत नाही. कौसरला हे फार वर्षांपासून खटकत होतं.

मंगरूळपीरच्या छोट्याशा सामुदायिक रेडिओवर तिनं अकरा वर्षं निवेदन केलं होतं. केंद्र बंद पडून सहा वर्षं झाली. आता ती शाळेत विज्ञान शिकवते. मुंबईची मंडळी एका रेडिओवाल्या मुलीच्या मालिकेचं शूटिंग करायला त्याच जुन्या खोलीत उतरली आणि त्यांनी बारकावे सांगायला तिला बोलावलं. पहिल्याच दिवशी तिनं शिवमला, म्हणजे दिग्दर्शकाला, बजावलं, की काचेपलीकडे खुर्ची पाहिजे आणि खुर्चीत माणूस पाहिजे. तिच्या वेळी तिथे रऊफभाई बसत. माइकचा आवाज कमी-जास्त करणारी पट्टी वर-खाली करणं, गाणी जोडणं, वीज गेली की बॅटरीवर घेणं, सगळं त्यांच्याकडे. कौसरला खोकला येणार हे तिच्या आधी त्यांना कळे. ती तोंड फिरवेपर्यंत पट्टी खाली आलेली असे.

शिवमनं सगळं वहीत उतरवून घेतलं. चहा पिताना कौसरनं त्याला मिठाचा किस्साही सांगितला. दुपारचे बाजारभाव संपले, की एक लांब लोकगीत लावून दोघं रऊफभाईंच्या घरचा डबा खात. अकरा वर्षांत रऊफभाईंची एकच चूक झाली: एका दुपारी पट्टी खाली करायची राहून गेली. लोकगीताच्या मधोमध सगळ्या तालुक्यानं कौसरच्या आवाजात ऐकलं, की आज हुस्नाभाभी भाजीत मीठ टाकायला विसरल्या वाटते. हुस्नाबानो म्हणजे रऊफभाईंची बायको; तिच्या स्वयंपाकघरातही रेडिओ चालूच होता. आठ दिवस डबा आला नाही. पुढे कित्येक महिने बाजारात बायका तिला थांबवून मिठाची चौकशी करत. सांगताना कौसर पोट धरून हसली. शिवमही हसला आणि त्यानं तेही लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या प्रसंगाचे कागद तिच्या हातात आले. पट्टी उघडी राहिली होती, पण मीठ नव्हतं. निवेदिका काचेकडे बघून म्हणत होती, की अकरा वर्षं मी तालुक्याशी नाही, फक्त तुमच्याशी बोलत होते. पलीकडच्या माणसाचं नाव रशीद ठेवलं होतं. बाकी कानामागची पेन्सिल, निळी सायकल, घरून येणारा डबा, सगळं रऊफभाईंचं. आणि ते सगळं कौसरनंच पुरवलेलं.

हा कोण, हे ओळखायला मंगरूळपीरात नावाची गरज पडली नसती. तिनं शिवमला तसं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, मीठ कोण बघणार?" त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती.

शाळा सुटल्यावर ती कागद घेऊन रऊफभाईंच्या घरी गेली. ते मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात होते. हुस्नाबानो सुपात तूर डाळ निवडत बसली होती. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं, म्हणून कौसरनं पान उघडलं आणि वाचून दाखवलं. कागद हातात आला, की तिला एकाच आवाजात वाचता येतं. बाजारभाव वाचावेत तसे ते प्रेमाचे शब्द सपाट, स्वच्छ निघाले.

हुस्नाबानोचे हात सुपात चालूच राहिले.

"हे खोटं हाय, मले माहीत हाय," ती म्हणाली. "मी रोज आयकत होती. तुया आवाजात तसं काई असतं, तं तुया आंधी मलेच समजलं असतं."

"मंग काय करू, भाभी?"

"माह्या पोरीच्या, शाजियाच्या सासरी कोन सांगन? रिसोडले बी टीवी हाय." तिनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "अन् त्या दिवशी मीठ बरोबर होतं. तुलेच चव नाई."

कौसर तिथून थेट केंद्रावर गेली. शिवमनं ऐकून घेतलं, विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, की नुसती पट्टी सरकवणारा माणूस दहा भाग टिकत नाही. त्याच्यावर कोणाचं तरी प्रेम पाहिजे, नाहीतर तो प्रेक्षकांच्या मनाला लागतच नाही. तीन दिवस त्या खुर्चीसाठी भांडलेली कौसर काचेकडे वळली आणि म्हणाली, "मग खुर्ची काढून टाक."

"आणि तो संवाद?"

"फोन करणाऱ्या कोणाशी तरी बोलू दे तिला. सिनेमात तसंच असतं."

गुरुवारी रऊफभाई आणि हुस्नाबानो शूटिंग बघायला आले. आमंत्रण आधीच गेलं होतं. रऊफभाईंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. काचेपलीकडे आता एक कुंडी होती आणि निळा दिवा. नटी बोलू लागली. ते थोडा वेळ बघत राहिले आणि हळूच कौसरच्या कानाशी वाकले.

"मशीन कोन चालवून राह्यलं?"

"कोनीच नाई, भाई. आपोआप चालते."

त्यांनी मान हलवली. त्यांना वाईट वाटलं का, हे कौसरला कळलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही. नटीचं बोलणं थांबल्यावर ते म्हणाले, "माइक जरा तिरपा पायजे. 'प' अक्षर फुटून राह्यलं."

"सांगा ना जाऊन."

ते आत गेले. त्यांनी माइक दोन बोटं वळवला, चिमटीनं तार मागे ओढली आणि कॅमेऱ्याच्या वाटेतून बाजूला झाले. पुन्हा दृश्य झालं. 'पाऊस', 'पेरणी', 'पत्र' – सगळे शब्द स्वच्छ आले. ध्वनिवाल्यानं डोक्यावरचा हेडफोन काढून, आत्ता येऊन गेलेला माणूस कोण, असं विचारलं. शिवमनं कौसरकडे बघितलं. कौसरनं सांगितलं, की हे रऊफभाई, अकरा वर्षं इथलं यंत्र यांच्या हातात होतं.

दुकानात कोणाचा तरी फोन उघडा पडला होता, म्हणून रऊफभाई थांबले नाहीत. हुस्नाबानो फाटकाशी मागे राहिली.

"उद्या शुक्रवार, जेवाले येजो," ती म्हणाली. "हे बी घरीच राह्यतीन."