करंगळीएवढा बल्ब

मित्रांनो, तुम्ही कधी डोळे तपासायला गेला असाल, तर तुमची-माझी गाठ पडली असेल. हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं आणि समोरच्या उजेडाकडे बघायचं. तो उजेड टाकणारं जुनं यंत्र म्हणजे मी. मला स्लिट लॅम्प म्हणतात. उजेडाची बारीक फट मी बुबुळावर धरतो आणि डोळ्याचा थर न थर डॉक्टरांना मोठा करून दाखवतो.

या रुग्णालयात मी नवा आलो, तेव्हा माझं फार कौतुक झालं. मोठे डॉक्टर माझ्या काचांना दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. वीस वर्षं मी राबलो. मग एक दिवस माझा बल्ब गेला. तपासनीस ताईंनी मागणीचा कागद भांडारात पाठवला. भांडारपालाने तो इतर कागदांखाली सरकवला. ताईंनी दोनदा आठवण करून दिली, मग त्याही थकल्या. माझ्यावर प्लास्टिकचं कव्हर चढलं आणि लोक माझ्या टेबलावर पिशव्या ठेवू लागले.

त्याच दिवसांत तो आला. बावीस वर्षांचा पेंटर, दुकानांच्या पाट्या रंगवणारा. त्याची अक्षरं म्हणे छापल्यासारखी असत. आता त्याचा हात थरथरत होता, जीभ जड झाली होती, यकृत बिघडलं होतं. दारुडा म्हणून मालकाने त्याला हाकलून दिलं होतं. त्याने दारू कधी चाखलीही नव्हती.

“ताई, हवं तर माझ्या तोंडाचा वास घ्या,” तो अडखळत म्हणाला. “आई रोज घेते.”

आई शेजारीच उभी होती. तिने मान खाली घातली.

तळमजल्यावरच्या डॉक्टरांना एक शंका आली होती, म्हणून त्यांनी त्याला डोळे तपासायला पाठवलं होतं. काही माणसांच्या शरीराला जन्मापासूनच अन्नातलं जास्तीचं तांबं बाहेर टाकता येत नाही. ते यकृतात साठतं, मेंदूत साठतं आणि बुबुळाच्या कडेने तपकिरी कडं धरतं. आजार विरळा, पण वेळेत कळला तर औषधाने आटोक्यात राहतो. ते कडं माझ्या उजेडात लख्ख दिसलं असतं. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होतो, कव्हराखाली.

ताईंनी टॉर्च मारला. काळेभोर डोळे, मिणमिणता उजेड. त्यांनी कागदावर लिहिलं, ‘डोळे ठीक’.

त्या दोन शब्दांनी डॉक्टरांची शंका मिटली. उरली ती दारू. त्याला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. तिथे रोज त्याला दारू पितो असं कबूल करायला लावत. शेवटी त्याने कबूल केलं, कारण त्याला घरी जायचं होतं.

आठ महिन्यांनी कुणी मोठे साहेब पाहणीला येणार होते, म्हणून माझा बल्ब आला. बसवायला चार मिनिटं लागली. पुढच्याच आठवड्यात त्याला चाकाच्या खुर्चीतून आणलं. अंग पिवळं पडलं होतं. नव्या डॉक्टरीणबाईंनी माझ्यातून पाहिलं आणि म्हणाल्या, “दोन्ही डोळ्यांत आहे.”

पंधराव्या दिवशी तो गेला.

हा आजार भावंडांतही असू शकतो, म्हणून त्याच्या शाळकरी बहिणीला बोलावलं. तिच्या डोळ्यांत कडं नुकतंच उमटू लागलं होतं. रक्ताच्या तपासण्या झाल्या, औषध सुरू झालं. तेव्हा आईने विचारलं, “मग माझ्या पोराचं का नाही दिसलं?”

“बल्ब नव्हता, मावशी,” ताई कशाबशा म्हणाल्या.

“कसला बल्ब?”

ताईंनी खणातून जळका बल्ब काढून तिच्या तळहातावर ठेवला. करंगळीएवढा.

“एवढाच?” ती म्हणाली.

आता आमच्या भिंतीवर माझा फोटो लावला आहे. खाली लिहिलंय, ‘दुर्मीळ आजाराचं वेळेत निदान’. भावाबद्दल एक अक्षरही नाही.

मित्रांनो, माझं कौतुक नका करू. कुठे कव्हर घातलेलं यंत्र दिसलं, तर ते बंद का, एवढं विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारा. ती आई दर सहा महिन्यांनी लेकीला घेऊन येते, तेव्हा दारातूनच ओरडते, “दिवा चालू आहे ना?” भांडार दोन खोल्या पलीकडे आहे. तिथपर्यंत ऐकू जाईल, इतक्या मोठ्याने ती ओरडते.