तेवीस दिवस उघडी राहिलेली खिडकी

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तिसऱ्या मजल्यावर एक बाई बसायची. शहराच्या नळांचा, पंपांचा, मीटरांचा सगळा डेटाबेस तिच्या ताब्यात. लोक तिला कौतुकाने ‘सफाईताई’ म्हणायचे, कारण डिस्कवर जागा करून देणं हे तिचं रोजचं काम. नाव तिला फारसं आवडत नसे, पण नाव पडलं की पडलं, त्याला कोण काय करणार!

गेले तीन आठवडे डिस्क भरत चालली होती. रोज तीन टक्के, त्यातले बहुतेक दिवसा. मीटर वाढलेत म्हणून भरतेय, असं साहेबांनी ठरवून टाकलं होतं आणि तिनेही मान डोलावली होती. मग रोज इकडचे जुने अहवाल पूस, तिकडच्या फाइली उडव, असं ठिगळं लावणं चाललं होतं. आज सकाळी नऊला आकडा अठ्ठ्याण्णववर गेला आणि पुसायला काही उरलं नाही. तिने हिशोब मांडला. दुपारी साडेतीनला शंभर. शंभर झाले की डेटाबेस नवं काही लिहून घेणार नाही, पंपांना दाबाचे आकडे मिळणार नाहीत आणि अर्ध्या शहराचे पंप आपोआप थांबतील. नवी डिस्क परवा येणार होती. परवा येऊन काय उपयोग, कपाळ?

आता डेटाबेसमधल्या टेबलांची, म्हणजे तक्त्यांची, एक गंमत असते. त्यातली ओळ तुम्ही पुसलीत किंवा बदललीत तरी जुनी ओळ लगेच जात नाही. ‘नकोशी’ अशी खूण लागून ती जागा अडवून तिथेच पडून राहते. मग सफाईचा हुकूम सोडला की तो फिरत फिरत नकोशा ओळी काढतो आणि जागा मोकळी करतो. हा हुकूम रोज पहाटे आपोआप सुटायचा आणि शेवटी ‘सफाई पूर्ण’ असं लिहून यायचं. ती तेवढेच दोन शब्द वाचायची. आज दुपारी दीडला, बाकी सगळे उपाय थकल्यावर, पहिल्यांदा तिने वरचा सगळा मजकूर वाचला आणि ती खुर्चीत सरळ बसली.

काढलेल्या ओळी: शून्य. नकोशा, पण अजून काढता न येणाऱ्या ओळी: एकवीस कोटी.

“अगं बाई!” ती मोठ्याने म्हणाली. “काढता का येत नाहीत?”

याचं कारण एकच असू शकतं, हे तिला ठाऊक होतं. कुणीतरी जुनं चित्र डोळ्यांसमोर धरून बसलं असेल, तर त्याच्या नजरेतली एकही ओळ डेटाबेस काढत नाही. तो त्याचा सभ्यपणा. तिने यादी काढली. तळमजल्यावरच्या नोंदणी खोलीतल्या एका कॉम्प्युटरवर अहवालाची एक खिडकी तेवीस दिवस उघडी होती.

ती इथूनच तोडणं एका ओळीच्या हुकमाचं काम होतं. बोट बटणावर गेलंही होतं. पण तेवीस दिवस माणूस काय बघत बसलाय, हे काही तिला उमगेना आणि ते कळल्याशिवाय तिला चैन पडेना. ती उठली आणि जिना उतरली.

नोंदणी खोलीत आप्पा बसायचे. अडतीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला दोन महिने. त्यांच्या कॉम्प्युटरच्या प्लगवर कागद चिकटवला होता: ‘हात लावू नये.’ आणि कळफलकावर, चित्र ताजं करायच्या बटणावर, बाटलीचं झाकण उपडं घालून चिकटपट्टीने घट्ट बसवलं होतं. आप्पा पडद्यावर बघून वहीत काहीतरी उतरवत होते.

“आप्पा, हे झाकण कशाला?”

आप्पांनी वही मिटली. चोरी पकडली गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. “चुकून दाबलं जाऊ नये म्हणून.”

ती पडद्याकडे वाकली. शहरातल्या चार हजार व्हॉल्व्हचं टेबल होतं आणि शेवटच्या ‘शेरा’ रकान्यात मजकूर होता. तो रकाना रिकामा असायला हवा होता. तेवीस दिवसांपूर्वी तिने स्वतः तो रिकामा केला होता. नव्या नकाशात शेरे मावत नाहीत, उडवा, असं साहेब म्हणाले आणि तिने एका ओळीचा हुकूम लिहून चार हजार शेरे उडवले आणि चहा प्यायला गेली. त्यातला एकही शेरा तिने वाचला नव्हता.

आता आप्पांनी पानं मागे-पुढे केली आणि तिने वाचले.

‘८७: झाकणाखाली साप असतो. आधी काठी आपटावी.’ ‘२१९: चावी उलटी फिरते, जोर लावू नये.’ ‘५५६: नकाशात आहे, जमिनीत नाही.’ ‘५५७: जमिनीत आहे, नकाशात नाही.’ ‘१०४०: समोरच्या आजीबाईंना आधी सांगावे, नाहीतर भांडतात.’

तिला हसू फुटलं आणि पाठोपाठ लाजही वाटली. “कुणी लिहिलंय हे?”

“चावीवाल्या मामांनी. तीस वर्षं फिरून फिरून. गेल्या साली गेले बिचारे.” आप्पा सांगू लागले. “त्या दिवशी माझी खिडकी आधीपासून उघडी होती. शेजारच्या कॉम्प्युटरवर शेरे गायब आणि माझ्याकडे जसेच्या तसे! मला वाटलं, तुमच्या यंत्रात बिघाड झालाय. म्हटलं, देवा, हा बिघाड असाच राहू दे. रस्त्यावरून नव्या चावीवाल्या पोरांचे फोन येतात, आप्पा, अमुक नंबर कसा फिरवू? मी इथून वाचून सांगतो. परवा मी जेवायला गेलो होतो. फोन कुणी उचलला नाही. पोरांनी दोनशे एकोणीसची चावी सुलटी फिरवली आणि दांडा मोडला. दोन दिवस गल्ली कोरडी.”

“अहो, मग मला का नाही सांगितलंत?”

आप्पा म्हणाले, “तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही ते दुरुस्त केलं असतंत.”

मघाशी ती तेच करायला निघाली होती.

डेटाबेसच्या जुन्या प्रती शोधाव्यात, तर त्या चौदाच दिवस ठेवायचा नियम. म्हणजे मामांचे शेरे आता जगात फक्त या खिडकीतून दिसत होते आणि ती साडेतीनच्या आत बंद करायलाच हवी होती. अहवालाच्या त्या जुनाट प्रोग्रॅमला बटणं चार: मागे, पुढे, छापा, ताजं करा.

“छापा दाबू?” आप्पांनी विचारलं.

“थांबा! हात लावू नका!” छापताना हा प्रोग्रॅम समोरचं चित्र छापतो की नवं मागवतो, कुणास ठाऊक. तिने शेजारच्या कॉम्प्युटरवर तोच अहवाल उघडला, वर तिसऱ्या मजल्यावर जाऊन एका चाचणीच्या ओळीत बदल केला, खाली येऊन छापा दाबलं. कागदावर नवी ओळ आली. आप्पांच्या कॉम्प्युटरवर ते बटण दाबलं असतं तर सगळं संपलं होतं.

उरलं ‘पुढे’; ते आप्पा रोजच दाबत होते, म्हणजे त्याने काही बिघडत नव्हतं. एका पानात वीस ओळी, एकूण दोनशे पानं. आणि टेबल इतकं फुगलेलं, की एक पान यायला अर्धं मिनिट. घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं. दोनशे पानांना शंभर मिनिटं. पावणेचार होणार. तिने कपाळावर हात मारला.

“दोनशे कशाला?” आप्पा म्हणाले आणि त्यांनी वही उघडली. “बासष्ट पानं माझी उतरवून झालीत.”

तिने वही हातात घेतली. ठसठशीत, गोल अक्षरात बाराशे चाळीस शेरे. मधेच चुकलं तिथे रेघ मारून पुन्हा लिहिलेलं. तिने एका ओळीत जे उडवलं होतं, ते हा माणूस तेवीस दिवस हाताने गोळा करत होता, आणि तेही तिच्यापासून लपवून.

“बसा आप्पा. तुम्ही ‘पुढे’ दाबा, मी उचलते.”

मग दोघं कामाला जुंपली. आप्पा बटण दाबत, पान येई, ती मजकूर निवडून आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेई. पान येईपर्यंतच्या अर्ध्या मिनिटात ती वाचत बसे आणि प्रत्येक पानाला तिचा एक प्रश्न असे. साप अजून असेल का हो? या व्हॉल्व्हला मामा ‘जावईबापू’ का म्हणतात? “सारखा रुसतो म्हणून,” आप्पा म्हणाले. पावणेतीनला साहेबांचा फोन आला, नव्व्याण्णव झालेत, काय चाललंय? “वाचतेय साहेब,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. साहेबांना काय कळलं असेल ते त्यांचं त्यांना ठाऊक.

तीन वाजून सतरा मिनिटांनी शेवटचं पान आलं. तिने सगळी फाइल उघडून दोनदा तपासली, तिच्या प्रती दोन पेन ड्राइव्हवर घेतल्या आणि एक ड्राइव्ह आप्पांच्या हातात दिला.

“आता बंद करा,” ती म्हणाली.

आप्पांनी खिडकी मिटली. मग नखाने चिकटपट्टी सोडवून झाकण काढलं आणि खिशात टाकलं. तिने सफाईचा हुकूम सोडला आणि या खेपेला मजकूर पहिल्या अक्षरापासून वाचला. काढलेल्या ओळी: एकवीस कोटी. डिस्कचा आकडा खाली आला नाही, तसा तो येतही नाही, पण टेबलांच्या आतच एवढी जागा मोकळी झाली की तो वर चढायचा थांबला. तिच्या जिवात जीव आला.

फाइलीतले आणि वहीतले शेरे पुन्हा टेबलात भरून होतात न होतात तोच फोन वाजला. आप्पांनी उचलला, ऐकलं आणि रिसीव्हर तिच्याकडे सरकवला. “बावीसशे आठ विचारतायत. तुम्ही सांगा.”

“हॅलो,” ती म्हणाली.

“कोण बोलतंय? आप्पा कुठायत?”

“इथंच आहेत. मी वाचून सांगते. बावीसशे आठ: चावी दोघांनी मिळून फिरवावी, एकट्याने हट्ट करू नये.” मग तिने विचारलं, “तुम्हाला तिथं आणखी काही दिसतंय का? नवीन?”

पलीकडचा माणूस गोंधळला. कचेरीतून असं कुणी कधी विचारलं नव्हतं. “झाकण गंजलंय ताई. कडेला धार आलीय, हात कापतो.”

तिने बावीसशे आठची ओळ उघडली आणि मामांच्या वाक्यापुढे लिहिलं: ‘झाकणाला धार आहे. हातमोजे घालावेत.’