चार इंची भिंत

दिवाणाखालून झाडू फिरवताना रशीदाच्या लक्षात आलं, की दिवाण मधोमध भिंतीला टेकलाय आणि दोन्ही टोकांना मात्र बोट जाईल एवढी फट आहे. दिवाण सरळच होता. तिनं भिंतीवर तळहात फिरवला. गुडघ्याच्या उंचीवर भिंतीला चांगलं पोट आलं होतं.

संध्याकाळी दुकान बंद करून आलेल्या अल्ताफनं ते वाकून पाहिलं. भिगवणच्या स्टँडजवळ त्याचं मासेमारीच्या जाळ्यांचं दुकान होतं.

"गिलावा सुटला आसंल. रविवारी ठोकून पाडतो आन् नवा मारतो."

"आधी कुणाला तरी दाखवू," रशीदा म्हणाली.

ही भिंत अल्ताफनंच घातलेली. वडील गेल्यावर घराची वाटणी झाली. पुढचा, रस्त्याकडचा भाग धाकट्या मोईनला आला, मागचा बोळाकडचा अल्ताफला, आणि मध्ये एका विटेच्या जाडीची, चार इंची भिंत उभी राहिली. भांडण असं काही झालं नव्हतं. ईदला मशिदीत गळाभेट व्हायची, तेवढीच. दोघांपैकी कुणीही दुसऱ्याच्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवत नव्हतं. जावा-जावा बोलायच्या, पण त्याही बोळाच्या तोंडाशी उभ्या राहूनच.

सावळाराम गवंडी आला. त्यानं हातोडीच्या दांड्यानं जागोजाग ठोकून पाहिलं, कान लावला, मग वरून ओळंबा सोडला. दोरा फुगवट्याला टेकला आणि त्याखाली भिंतीपासून सुटा लोंबत राहिला.

"गिलावा न्हाय सुटलेला. सुटला आसता तर पोकळ वाजला आसता. आख्खी भिंत सरकलीया. पलीकडं मोरी हाय का? नळ?"

"त्याच्याकडं काय हाय ते मला काय म्हायती," अल्ताफ म्हणाला.

"मग म्हायती करून घ्या. तवर हिला हात लावू नका, आन् हितं कुणी झोपू बी नका."

अल्ताफ जागचा हलला नाही. शेवटी रशीदाच डोक्यावर पदर घेऊन बोळातून वळसा घालून पुढं गेली. जावेच्या, अफशीनच्या दारात तिचा पाय सवयीनं खाली गेला आणि आपटला. पूर्वी रस्त्यावरून एक पायरी खाली उतरून घरात जावं लागायचं. ती पायरीच आता नव्हती. आत शिरल्यावर तिला पंखा फार जवळ वाटला.

"फरशी वर घेतली, भाभी," अफशीन म्हणाली. "रस्ता उंच केला ना त्यांनी. पावसाचं सगळं पाणी घरात यायचं. मग ह्यांनी मुरूम टाकला, दोन फूट."

रशीदानं मधल्या भिंतीशी असलेलं कपाट पाहिलं. त्याच्या पाठीमागं हात जाईल एवढी जागा झाली होती आणि फरशी भिंतीकडं खचली होती. शेजारीच कपडे धुवायची मोरी होती.

"हे कपाट तू पुढं ओढलंस का?"

"न्हाय. भिंतच मागं गेलीया आसं मला वाटायचं. पण ह्यांना सांगितलं तर हसले."

रशीदाला आणखी काही विचारायची गरज उरली नाही. दोन फूट ओला मुरूम अडवायला त्या चार इंचांशिवाय मध्ये दुसरं काहीच नव्हतं.

तिनं घरी येऊन सांगितलं तेव्हा अल्ताफचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला.

"मला इचारलं का त्यानं?"

"तुमी त्याच्याशी बोलता का, त्यानं इचारायला?"

सावळाराम ओळंब्याचा दोरा गुंडाळत होता. "भांडायचं आसंल तर भिंत उतरवल्यावर भांडा. दोघं भाऊ हजर आसल्याबिगर मी काम धरणार न्हाय."

फोन रशीदानंच केला. मोईन मासळीबाजारातून तसाच आला, गुडघ्यापर्यंतच्या बुटांनिशी. बूट उंबऱ्याबाहेर काढून तो भावाच्या घरात शिरला. मग वाकून त्यानं फुगवटा पाहिला.

"मला वाटलं भिंत जाड आसंल," तो म्हणाला.

"मला वाटलं नुसता आडोसाच तर पायजे," अल्ताफ म्हणाला.

रशीदा चहा टाकायला उठली.

काम सावळारामनं सांगितल्याप्रमाणं झालं. आधी मेन स्विच बंद करून भिंतीवरची वायर सोडवली. फुगवट्यावर आडव्या फळ्या लावून त्यांना तिरक्या लाकडी बल्ल्यांचा टेकू दिला. छपराच्या पत्र्याखालचा पाईप भिंतीवर टेकला होता, त्यालाही दोन बल्ल्या लावल्या. मग पलीकडून, भिंतीलगतची फरशी उचकटून, मुरूम उपसला. ओझं उतरल्याशिवाय त्यानं एका विटेलाही हात लावू दिला नाही. मोईन घमेली भरत होता आणि अल्ताफ ती उचलून नेत होता. तो धाकट्याच्या घरात कधी शिरला हे रशीदानं पाहिलं.

विटा वरून एकेक थर काढत खाली आणल्या. खालच्या थरांमधला सिमेंट-वाळूचा मसाला बोटानं निघत होता. दुपारी मध्ये काहीच उरलं नाही. रशीदाच्या चुलीजवळून रस्त्यावरची उसाची ट्रॉली जाताना दिसली.

"नवीन भिंत नऊ इंची घेतो," सावळाराम म्हणाला. "भरावाइतकी खालची बाजू काँक्रीटची, दोन्ही टोकांना जुन्या भिंतीत गुंतवलेले खांब. मोरीचं पाणी पाईपानं भाईर काढा. आन् दार ठेवायचं का मधी?"

"नको," दोघं भाऊ एकदमच म्हणाले.

रशीदानं अफशीनकडं पाहिलं आणि दोघींना हसू आवरेना. भाऊ मात्र हसले नाहीत.

भिंत उभी राहिली. पत्र्याखाली हातभर फट तेवढी हवेसाठी ठेवली. रोज सकाळी भिंतीवर पाणी मारायचं होतं. एकदा रशीदा पीठ मळत असताना अल्ताफ पाईप हातात घेऊन फटीकडं तोंड करून ओरडला,

"मोईन, तुझ्याकडनं मारलं का पाणी?"

"मारलं. पर नळाला जोर न्हाय, वरच्या थरापर्यंत पोचत न्हाय."

"ऱ्हाऊ दी. हिकडनं मी मारतो," अल्ताफ म्हणाला, आणि त्यानं रशीदाला स्टूल आणायला सांगितलं.