तेविसाव्या दिवसाचा निरोप

पाणबुडीवर नोकरी करणाऱ्या माणसाला मोहिमेवर निघण्याच्या आदल्या दिवशी एक कागद भरून द्यावा लागतो. कागद साधाच. घरी काही बरंवाईट झालं, तर तुम्हाला लगेच कळवायचं की परत आल्यावर, एवढा एकच प्रश्न आणि त्याखाली दोन चौकोन. पण त्या दोन चौकोनांपुढे भलेभले पेन तोंडात धरून बसतात.

तारमास्तर मात्र कधी अडला नाही. तारांचा जमाना केव्हाच सरला होता, तरी रेडिओच्या खोलीत बसून किनाऱ्याचे सांकेतिक निरोप उलगडणाऱ्या माणसाला पाणबुडीवर तारमास्तरच म्हणत. सोळा वर्षांची नोकरी, ही अकरावी लांबची मोहीम. त्यानं कागदावर खूण केली, सही ठोकली आणि उठला. शेजारी आचारी बसला होता. त्याला सगळे पैलवान म्हणत, कारण तो काडीसारखा होता. ज्याच्या स्वतःच्या अंगाला अन्न लागत नाही त्याच्या हातचं आम्ही कसं खायचं, ही चेष्टा रोजचीच.

"तू काय लिहिलंस रे?" आचाऱ्यानं विचारलं.

"परत आल्यावर."

"का?"

"पाण्याखाली कळून करणार काय, लेका? दार उघडून चालत घरी जाणार आहेस?"

आचारी हसला आणि त्यानंही तिथेच खूण केली. सगळं मिळून अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसेल.

मोहीम होती एका सामुद्रधुनीतली. घरापासून चार हजार मैलांवर. तिथून जाणाऱ्या मालवाहू जहाजांवर वर्षभर हल्ले होत होते, कोणी वाटेत सुरुंग पेरत होतं. म्हणून आपल्या युद्धनौका त्यांच्या सोबतीला जात. ते काम जगाला दिसे, त्याचे फोटो छापून येत. पाणबुडीचं काम न दिसण्याचं. तिनं खाली दबा धरून ऐकायचं, कोणतं जहाज कुणाच्या मागावर आहे, कोण रात्रीबेरात्री इंजिन बंद करून थांबतं, आणि सगळं टिपून ठेवायचं. किनाऱ्यावरून आलेले निरोप ती घेई, पण स्वतःहून हुं की चूं करत नसे. एक शब्द बाहेर गेला की ठावठिकाणा फुटला. कान उघडे, तोंड बंद, असा तो संसार. स्वयंपाकघरात डाव लाकडाचे, ओट्यावर रबर. फारच सावध राहायचे दिवस आले की भांडंही हलवायचं नाही, सत्तर माणसांनी पाव आणि उकडलेली अंडी खाऊन राहायचं.

घरच्यांना एक सवलत होती. आठवड्याला एक निरोप, चाळीस शब्दांचा. उत्तर देता येत नसे. तारमास्तर ते उतरवून घेई, कप्तान नजर घाली, मग चिठ्ठ्या वाटल्या जात. आपली चिठ्ठी लोक दहादहादा वाचत. आचारी मात्र मोठ्यानं वाचून दाखवी. बायकोशी भांडूनच तो निघाला होता आणि ते त्यानं कोणापासून लपवलं नव्हतं. ती म्हणाली होती, मला आठ दिवस बरं वाटत नाही, या खेपेला रजा घ्या. तो म्हणाला होता, "मी बॅग काढली की तुला ताप येतोच." त्यावर ती आत निघून गेली. दारापर्यंतसुद्धा आली नाही.

पहिल्या आठवड्याची चिठ्ठी कोरडी होती. दुसरीत लिहिलं होतं, "स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त झाला. तुमच्याशिवाय झाला." आचाऱ्यानं ती वाचली आणि म्हणाला, "पारा उतरतोय. आणखी दोन चिठ्ठ्या, की माणसात येईल." तिसऱ्या आठवड्याला त्याची चिठ्ठी आली नाही.

तेविसाव्या दिवशी निरोप आला तो किनाऱ्यावरच्या कार्यालयाचा होता. तारमास्तरनं नेहमीच्या सवयीनं एकेक शब्द उलगडत नेला. आचाऱ्याच्या पत्नीचं न्यूमोनियानं रुग्णालयात निधन. अंत्यसंस्कार झाले. मुलगी मावशीकडे, सुखरूप. शेवटचा शब्द लिहून झाल्यावर त्यानं तो सगळा मजकूर पुन्हा पहिल्यापासून उलगडला, कुठे चुकलं तर नाही ना म्हणून. चुकलं नव्हतं.

कप्तानानं कागद वाचला. खणातून आचाऱ्याचा फॉर्म काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले.

"सही त्याचीच आहे," तो म्हणाला.

"साहेब, ती खूण त्यानं माझं बघून केली. एकदा त्याला परत विचारू या का?"

"काय विचारणार? विचारलं म्हणजे सांगितलंच की."

तारमास्तरनं फॉर्म उचलून ती खूण पुन्हा पाहिली.

"मलाही सांगावंसं वाटतं," कप्तान म्हणाला. "पण सांगून त्याला ठेवू कुठे? वर येता येत नाही, रडायला एक बंद खोली नाही. त्यानं मागितलंय ते त्याला द्यायचं. हे तुम्हाला आणि मला. तिसऱ्याला नाही."

त्या दुपारी आचाऱ्यानं तारमास्तरच्या ताटात बटाट्याचा जास्तीचा डाव टाकला. "खा. चेहरा बघ कसा झालाय." तारमास्तरनं मान खाली घालून खाल्लं.

पुढच्या आठवड्यात चिठ्ठ्या वाटल्या तेव्हाही आचाऱ्याची नव्हती. त्याच्या पुढच्याही नव्हती. "रुसलीय," तो सगळ्यांना सांगायचा. "चाळीस शब्दसुद्धा जड झालेत बाईला." लोक हसत, तोही हसे. पाचव्या आठवड्यानंतर तो विषय काढेनासा झाला. वाटपाच्या वेळी ओट्याकडे तोंड करून काहीतरी पुसत राही. सगळ्या चिठ्ठ्या संपेपर्यंत वळत नसे.

एकदा तारमास्तरच्या मनात भलतंच आलं. दार लावून त्यानं कोरा कागद घेतला आणि वहिनींच्या नावानं लिहायला बसला. तब्येत बरी आहे, मुलगी मजेत आहे, काळजी नसावी. आठ शब्दांवर हात थांबला. ही बाई 'काळजी नसावी' असं जन्मात लिहिणार नाही, हे त्याला तिच्या दोन चिठ्ठ्यांवरूनच कळत होतं. आणि मेलेल्या माणसाच्या तोंडी शब्द घालणारे आपण कोण? कागदाचे त्यानं इतके बारीक तुकडे केले की मूठ उघडल्यावर भुसा दिसावा.

साठाव्या दिवशी परत फिरायचं होतं. जागा घ्यायला येणारी दुसरी पाणबुडी बंदरातच बिघडली आणि अठरा दिवस वाढले. वर एका मालवाहू जहाजाचा माग काढणारी होडी पाणबुडीनंच आधी ऐकली होती. त्या एकाच वेळी कप्तानानं मौन मोडून युद्धनौकांना खबर दिली. होडी पकडली गेली, जहाजावरची एकवीस माणसं वाचली. कप्तानानं ते सगळ्यांना सांगितलं, लोकांनी एकमेकांचे हात दाबले. आवाज करायचा नव्हता ना. आपल्या कामाचा अभिमान वाटावा असा तो दिवस होता, आणि तारमास्तरला तो वाटलाही. मग स्वयंपाकघरातून त्या आनंदात केलेला गोड शिरा आला आणि त्याचं सगळं गाडं पुन्हा तिथेच येऊन रुतलं.

चौसष्टाव्या दिवशी आचारी रेडिओच्या खोलीच्या उंबऱ्याशी आला. आत यायची परवानगी नसल्यामुळे तिथेच उभा राहिला.

"वर आलो की पहिला निरोप माझा पाठवशील?"

"पाठवीन."

"मग लिहून घे. मला तेव्हा सुचणार नाही."

तारमास्तरनं पेन उचललं. नाही कसं म्हणणार? आचारी दाराची चौकट धरून सांगू लागला. "तापावरून बोललो ते माझं चुकलं. इतके दिवस तेच आठवतंय. आल्यावर तीन महिने रजा घेतो. तुला डॉक्टरकडे मीच नेतो. नळाचं वाचलं, हसू आलं. मुलीला शाळेत सोडायला मीच जाणार. रुसवा सोड." मग त्यानं विचारलं, "किती झाले?"

तारमास्तरनं बोटानं मोजले. "एकोणतीस."

"म्हणजे अकरा उरले. राहू देत. तिला बोलायला लागतील."

तो गेला. तारमास्तरनं कानांवर हेडफोन चढवले आणि बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज ऐकत बसला.

अठ्ठ्याहत्तराव्या दिवशी मोहीम संपवून पाणबुडी वर आली. झाकण उघडलं, ताजी हवा आत शिरली, आणि लोक शिडीखाली तोंड वर करून उभे राहिले. तेवढ्यात कप्तानानं आचाऱ्याला आपल्या खोलीत बोलावलं. दार लागलं. तारमास्तर बाहेरच्या अरुंद बोळात उभा होता. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. सात-आठ मिनिटांनी आचारी बाहेर आला. त्याच्याकडे न बघता सरळ स्वयंपाकघरात गेला, अर्धवट सोललेल्या बटाट्यांची परात पुढे ओढली आणि सोलू लागला. कप्तानानं कोणाला तरी मदतीला पाठवलं, त्याला त्यानं हातानंच परत जायला सांगितलं. सत्तर माणसांचं जेवण झालं. स्वतः जेवला नाही. एव्हाना बातमी सगळ्यांना कळली होती आणि कोणी मान वर करत नव्हतं.

भांडी घासून झाल्यावर तो रेडिओच्या खोलीच्या उंबऱ्याशी आला.

"कधी आलं होतं?"

"तेविसाव्या दिवशी."

आचाऱ्यानं मनाशी हिशेब केला. "म्हणजे मी ते लिहून दिलं तेव्हा..."

"हो."

"आणि तू शब्द मोजलेस."

तारमास्तरला बरंच काही सांगायचं होतं. सहीचं, कप्तानाच्या हुकमाचं, त्या फाडलेल्या कागदाचं. पण तो एवढंच म्हणाला, "ती खूण तू माझं ऐकून केलीस. तेच मला रोज खात होतं."

"खूण माझ्या हातानं केली," आचारी म्हणाला. "तुझ्यावर कशाला ढकलू? पण तू मोजलेस, ते मला विसरता येईलसं वाटत नाही." तो रागानं बोलत नव्हता. रागानं बोलता तर बरं झालं असतं.

दोन आठवड्यांनी पाणबुडी धक्क्याला लागली. बायका, मुलं, म्हातारे कठड्यापाशी दाटीनं उभे होते. आचाऱ्याची मेहुणी सगळ्यांत मागे होती, हाताशी सहा वर्षांची मुलगी. तारमास्तर पिशवी घेऊन मागून येत होता, त्याला सगळं दिसलं. मुलीनं मावशीचा हात सोडला आणि ती चालत पुढे आली. धावत नाही. घरात सगळे इतके दिवस तिच्यादेखत म्हणत होते, बाबांना अजून माहीत नाही, बाबांना अजून कळवलं नाही. ते तिनं मनावर घेतलं होतं. तिनं बापाची बाही ओढून त्याला खाली बसवलं.

"बाबा, तुम्हाला एक सांगायचंय. तुम्ही रडायचं नाही."

आचारी गुडघ्यांवर बसला होता. क्षणभर त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "नाही रडत. सांग."

तिनं त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. सगळं सांगितलं असावं, कारण बराच वेळ लागला. तो मध्येच विचारत होता, "बरं, मग?" आणि ती पुढचं सांगत होती. तिचं सांगून होईपर्यंत त्यानं आपल्याला माहीत असल्याचं जराही कळू दिलं नाही. मेहुणी पदराच्या टोकानं डोळे टिपत दुसरीकडे बघत उभी राहिली. तारमास्तरची बायको त्याला शोधत आली आणि त्याचं तोंड बघून काही न विचारता त्याच्या हातातली पिशवी घेतली.

आचाऱ्यानं पाणबुडी सोडली. किनाऱ्यावरच्या नौदलाच्या रुग्णालयात त्याची बदली झाली, तिथल्या स्वयंपाकघरात. तारमास्तर दोनदा त्या फाटकापर्यंत जाऊन परत आला. पाच महिन्यांनी तो घरीच गेला. मुलीनं दार उघडलं. आचाऱ्यानं त्याला बस म्हटलं, चहा केला, मुलीचं पाढ्यांचं पाठांतर घेता घेता समोर बसला. बोलणं झालं ते बदल्यांचं, जुन्या कप्तानाच्या निवृत्तीचं, कोणाला मुलगा झाला त्याचं. भिंतीवर वहिनींचा फोटो होता. त्याच्याकडे दोघांनीही पाहिलं नाही.

निघताना आचारी जिन्यापर्यंत सोडायला आला.

"आलास ते बरं केलंस," तो म्हणाला. "पण इतक्यात परत येऊ नकोस."

"कधी येऊ?"

आचाऱ्यानं विचार केला. आतून मुलगी सातचा पाढा चुकत म्हणत होती.

"मी कळवीन," तो म्हणाला आणि तिला बरोबर पाढा सांगायला आत गेला.